ठासणीची रायफल कशी निवडावी



शिकारीसाठी ठासणीची रायफल कशी निवडावी, हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. ठासणीची बंदूक आपल्याकडे उरली आहे ती मुख्यतः शेताच्या राखणीपुरती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणातल्या मंडळींना तर तिची ओळख करून द्यायला नको. तेव्हा उद्या उठून कोणी बंदूक खरेदी करावी असा आमचा मुळीच हेतू नाही. आमचे आयुष्य कामगारांत आणि त्यांच्या हत्यारांत गेले. कामाला साजेसे हत्यार कसे निवडावे, हा विचार ज्या वस्तूत फार स्वच्छ दिसतो अशी ही वस्तू आहे. ही निवड जिथे लोक आजही दरसाल करतात तो देश म्हणजे अमेरिका. म्हणून आपण थोडा वेळ तिकडे जाऊ.

ठासणीची म्हणजे काय? नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासून बसवायची. बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. सरावाच्या माणसालाही त्यात अर्धा-एक मिनिट जातो, आणि तेवढ्यात हरीण डोंगरापलीकडे गेलेले असते. मागून काडतूस भरायच्या बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाल्या, तेव्हाच हिचे दिवस संपायला हवे होते. ते संपले नाहीत याला एक कारण कायद्याचे आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेतली हरणे बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार हत्येने अगदी घटली होती. मग परवाने आले, हंगाम ठरले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या जोपासनेकडे वळवला. हरणे पुन्हा वाढली. पुढे अनेक राज्यांनी असे ठरवले की, जो आपल्या हातातले हत्यार आपणहून मर्यादित करील त्याला वेगळा हंगाम द्यावा.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न दुकानात सुटत नाही. तो नियमांच्या पुस्तकात सुटतो. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांचा एक हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात सर्वसाधारणपणे दुर्बीण लावता येत नाही, आणि नळीचा व्यास हरणासाठी किमान ०.४० इंच व एल्क या सांबरासारख्या मोठ्या जनावरासाठी किमान ०.५० इंच असावा लागतो. एका राज्यात उत्तम ठरलेली रायफल शेजारच्या राज्यात बेकायदा ठरू शकते.

दुसरा प्रश्न पिळाचा. साधी बंदूक आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे चर कोरलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, तशीच फिरणारी गोळी आपली दिशा धरून ठेवते. परंतु सर्व गोळ्यांना सारखा पीळ मानवत नाही. तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या शिशाच्या गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, म्हणजे ६० ते ७० इंचांत एक वेढा. लांबट गोळीला जलद पीळ हवा. पुष्कळ आधुनिक नळ्यांत २८ इंचांत एक वेढा असतो. ४८ इंचांची नळी ही दोन्ही डगरींवर हात ठेवणारी. दोन्ही गोळ्या चालवून घेते, पण सहसा कोणतीही अव्वल चालवत नाही. म्हणून आधी गोळी ठरवावी आणि मग नळी घ्यावी. उलट करणारा माणूस नेम चुकला की डोळ्यांना दोष देत बसतो.

तिसरा प्रश्न व्यासाचा, आणि इथे थोडे गणित आहे. गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.४५ इंची नळीतली गोळी सुमारे ८.३ ग्रॅम भरते, ०.५० ची ११.५ ग्रॅम, तर ०.५४ ची १४.५ ग्रॅम. पहिलीकडून दुसरीकडे जाताना गोळीचा व्यास जेमतेम ११ टक्के वाढला, पण वजन ३८ टक्के वाढले. हे गणित जुन्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या बंदूककारांनी लांब, सडपातळ, तुलनेने बारीक नळीच्या रायफली घडवल्या; पूर्वेकडच्या रानातल्या हरणाला त्या पुरत, आणि शिसे व दारू वाचे. पुढे माणसे पश्चिमेच्या माळरानाकडे गेली. तिथे गाठ रानगव्याशी आणि अस्वलाशी होती, आणि प्रवास घोड्यावरून होता. मग सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी आखूड, जाड आणि मोठ्या तोंडाच्या रायफली केल्या. जनावर बदलले, प्रवास बदलला, तसे हत्यार बदलले. आजही साधारण हरणासाठी ०.५० आणि गोल गोळीने एल्क मारायचा तर ०.५४, हा हिशेब सर्वमान्य आहे.

चौथा प्रश्न ठिणगीचा. चकमकीच्या रायफलीत गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या बाहेरच्या रंजकेवर पडतात आणि तिथून आग कानावाटे आतल्या दारूपर्यंत जाते. यात क्षणभर विलंब होतो, आणि पावसाळी हवेत रंजक दमट झाली की बारच होत नाही. अलेक्झांडर फॉर्साइथ हा स्कॉटलंडमधला धर्मोपदेशक पाखरांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकेचा भडका पाहून पाखरे उडतात, याला कंटाळून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचा हक्क नोंदवला. तिच्यातूनच पुढे तांब्याची केप आली. १९८५ साली मिसूरीच्या टोनी नाइट यांनी अशी रायफल बाजारात आणली की, तिच्यात ठिणगी नळीच्या बरोबर मागून सरळ दारूत शिरते आणि साफसफाईसाठी नळीचा तळही उघडता येतो. दुर्बीण लावल्यास तिचा पल्ला दीडशे यार्डांच्या पुढे जातो. जुन्या वळणाचे लोक तिला ठासणीची मानायलाच तयार नसतात. आमच्या मते नवशिक्याने केपची साधी रायफल घ्यावी; ती चकमकीइतकी लहरी नाही आणि माणसाला संयमही शिकवते.

आता सुरक्षिततेविषयी चार शब्द, कारण कारखान्यात काय आणि रानात काय, बोटे तीच असतात. या रायफलीत काळी दारू किंवा तिच्याऐवजी मुद्दाम बनवलेली दारूच घालावी. आधुनिक काडतुसातली धूररहित दारू, निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय, कधीही घालू नये; नळी फुटते आणि माणूस जायबंदी होतो. दारू अंदाजाने ओतू नये, मापाने घ्यावी. गोळी दारूवर पक्की बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तरी नळीला धोका असतो. म्हणून गजावर खूण करून ठेवावी, म्हणजे गोळी तळाला पोचली की नाही ते दिसते. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग राख आणि काजळी होऊन उरतो. ती हवेतला ओलावा ओढते आणि नळीला गंज चढतो. त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावण्याची ज्याची तयारी नाही, त्याने ही रायफल घेऊच नये. आजोबांची भिंतीवर टांगलेली बंदूक तर जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय भरूच नये.

राहिला अंतराचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने सगळ्या निवडीचे मर्म तिथे आहे. गोल गोळी हवेला फार अडते. शंभर यार्डांत तिचा वेग एक-तृतीयांशाहून अधिक घटतो, आणि वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने तिचा जोर निम्म्याच्याही खाली येतो. त्याहून लांब मारलेली गोळी हरणाला लागते, पण ठार करीत नाही. ते जखमी जनावर रात्रभर झाडीत तडफडते, आणि दुसरी गोळी ठासून होईपर्यंत शिकाऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून निवडलेल्या रायफलीची परीक्षा अशी घ्यावी : रानात जसे उभे राहू किंवा बसू तसेच राहून पाच गोळ्या झाडाव्यात. पाचही गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात, म्हणजे एका जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत, ज्या अंतरावरून पडतील ते आपले अंतर. ते साठ यार्ड निघाले तर साठ. दुकानदार दीडशे म्हणो की दोनशे म्हणो.

ज्याच्याजवळ एकच बार आहे त्याला तो कधी करू नये हे आधी शिकावे लागते. संपाची नोटीस हाती घेतलेल्या माणसांना आम्ही हेच सांगत आलो आहोत. चांगली ठासणीची रायफल कोणती, असे कोणी आम्हाला विचारले तर आम्ही म्हणू : जिचे नियम आपण वाचले आहेत, जिची गोळी जनावराच्या मानाने पुरेशी आहे, जी संध्याकाळी घरी आणून आपण स्वतः धुतो, आणि हरीण आपल्या अंतराच्या पलीकडे उभे असेल तर जी न झाडता आपण खाली ठेवू शकतो, ती.