मेलॉसची काळी काच

ग्रीसच्या दक्षिण भागांत समुद्रकांठीं फ्रँक्थी नांवाची गुहा आहे. शेती अवगत नसलेल्या शिकाऱ्यांच्या थरांत तेथें काळ्या काचेचे धारदार तुकडे सांपडले. ही काच मनुष्यकृत नव्हे. ज्वालामुखीचा रस झपाट्यानें थिजून ती बनते. तिला ऑब्सिडियन म्हणतात.

आतां प्रश्न असा कीं, ती आली कोठून? ग्रीसच्या मुख्य भूमीवर ही काच मिळत नाहीं, आणि रंगरूपावरून उगम ठरवूं जावें तर डोळे हमखास फसतात. १९६४ सालीं केन व रेनफ्रू या संशोधकांनीं काचेंतील बेरियम, झिर्कोनियम इत्यादि द्रव्यांचे अत्यल्प अंश मोजून दाखविले. हे अंश उगमागणिक बहुधा भिन्न असतात. सोनें कसाला लावावें तसाच हा प्रकार. अशाच परीक्षेनें फ्रँक्थीची काच मेलॉस बेटाची ठरली.

हें बेट सव्वाशे किलोमीटरांहून दूर. हिमयुगांत समुद्राची पातळी खालावली होती खरी, तरी मेलॉस तेव्हांही बेटच होतें. म्हणजे बारा हजार वर्षांहूनही पूर्वीं माणसें दर्या ओलांडीत होतीं! त्यांच्या होडीचें एक लांकूडही उरलेलें नाहीं. साक्ष काय ती काचेची. मात्र ती शिकाऱ्यांनीं स्वतः आणली कीं हातोहात येऊन पोंचली, हें रसायनशास्त्र सांगूं शकत नाहीं.