आपलं रक्त आपल्या उपयोगाचं असतंच का?

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी विचारलं होतं, "सुनेला सातवा महिना आहे. नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचे हजारो रुपये मागतायत. ठेवावं का?" वेळ संपली होती, म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो. मी वैद्यकातला डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. पण या प्रश्नाच्या पोटात एक चुकीचं गृहीतक आहे, आणि गृहीतकं उकरणं हा माझा जुना धंदा.

नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. तशाच अस्थिमज्जेतही असतात. रोग्याची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करायची आणि शिरेतून या पेशी सोडायच्या. त्या आपणहून हाडांत जाऊन बिऱ्हाड थाटतात, नवं रक्त बनवू लागतात. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या एका मुलाला नाळेचं रक्त दिलं. जगातला हा पहिला प्रयोग, आणि तो यशस्वी झाला. आता नीट ऐका हं, ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं. नुकत्याच जन्मलेल्या त्याच्या बहिणीचं होतं!

का? कारण त्याचा दोष जनुकातच होता, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नाळेतही तो असणारच. थॅलेसेमियाचंही तेच. किडक्या कणगीतलंच बियाणं पुन्हा पेरून काय उगवणार? रक्ताच्या कर्करोगात तर दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशींवर तुटून पडतात. स्वतःच्या पेशींकडून तशी अपेक्षा धरता येत नाही.

'आपलं ते आपल्याला लागू पडणारच' हे आपलं गृहीतक, आणि जाहिराती नेमक्या त्यावर पोसल्या जातात. मल्टिपल मायलोमात रोग्याच्याच मूलपेशी वापरतात, हे खरं. पण त्या उपचाराच्या वेळी त्याच्या रक्तातून काढतात. त्यासाठी जन्मापासून भाडं भरावं लागत नाही.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्वतःच्या भावी उपयोगासाठी असं रक्त खासगी बँकेत ठेवण्याची शिफारस नाही. अपवाद आहे, तो थॅलेसेमियासारखा आजार असलेलं मूल घरात आधीच असेल तेव्हाचा. मग धाकट्याच्या नाळेचं रक्त जरूर ठेवावं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, ती सोडू नये.

तेव्हा आजोबा, तुमच्या घरात असं कोणी आहे का, ते मला आधी सांगा.