एकच बॉक्स वाजतो? मेकॅनिककडे जाण्याआधी एवढे करा

घरात ॲम्प्लिफायर आणि दोन साऊंड बॉक्स असले की कधी ना कधी एका बाजूचा बॉक्स मुका होतो. कधी नुसती खरखर येते, कधी आवाज अगदी बारीक. मग मशीन पिशवीत घालून दुकानात न्यायचे, ‘आयसी गेली’ हे उत्तर ऐकायचे आणि सांगतील तेवढे पैसे मोजायचे! काही वेळा आयसी खरोखरच गेलेली असते. पण पुष्कळदा दोष वायरीत, पिनेत नाहीतर बटणात असतो. तो घरच्या घरी शोधता येतो.

स्टिरिओ म्हणजे एका पेटीत दोन सारखे ॲम्प्लिफायर. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. एक बिघडला तरी दुसरा शाबूत असतो. हिशेबातली चूक शोधताना दोन वह्या शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहतात, तसेच इथे करायचे. एका वेळी एकच गोष्ट अदलाबदल करायची आणि मुकेपणा कुठे जातो ते पाहायचे.

समजा, डावा बॉक्स बंद आहे. आधी बॅलन्सचे बटण मध्यावर आहे ना ते पाहा. मोबाईलवरून गाणी लावत असाल तर त्यातलेही डावे-उजवे सेटिंग पाहा.

मशीनमधून जळका वास येत असेल, बॉक्समधून मोठा ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असेल, तर पुढचे काही करू नका. ताबडतोब बंद करा. अशा चॅनेलला दुसरा चांगला बॉक्स जोडला तर तोही जळू शकतो.

तसे काही नसेल तर मशीन बंद करून प्लग काढा. मागच्या बाजूला दोन्ही बॉक्सच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. उघड्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका, नाहीतर चांगली आयसीही उडेल. आता चालू करा. तरीही डावाच बॉक्स मुका राहिला, तर दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. वायर मशीनमधून सोडवून तिची दोन टोके दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. बॉक्स ठीक असेल तर ‘खट्’ असा आवाज येतो.

उलट डावा वाजू लागला आणि उजवा मुका झाला, तर बॉक्स आणि वायरी ठीक आहेत. मशीन बंद करून वायरी पूर्ववत करा आणि आता गाणे आत नेणाऱ्या लीडच्या पिना मशीनपाशी अदलाबदल करा. लाल पीन उजवीकडची, पांढरी डावीकडची. मुकेपणा उजवीकडे गेला तर लीड किंवा मोबाईल, प्लेअर दोषी. दुसरी लीड लावून पाहा. डावीकडेच राहिला तर दोष मशीनमध्ये.

तिथेही लगेच घाबरू नका. प्लग काढून व्हॉल्यूम आणि बॅलन्सची बटणे या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. आत धूळ आणि काट बसून एक बाजू जाते. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये बॉक्सचा आवाज हेडफोनच्या सॉकेटमधून फिरून जातो. तिथे हेडफोनची पीन चार-पाच वेळा आत-बाहेर करून पाहा. पीन हलवली की आवाज येतो-जातो, तेव्हा सॉकेटचे सोल्डर सुटलेले असण्याची शक्यता असते.

झाकण मात्र उघडू नका. आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम मेकॅनिकचे. पण त्याला सांगा, ‘बॉक्स, वायर, लीड तपासली, दोष डाव्या चॅनेलच्या आत आहे.’ तोही मीटर घेऊन चांगली बाजू आणि बिघडलेली बाजू ताडूनच पाहतो.

आयसी बदलावी लागली तर एक लक्षात ठेवा. टीडीए २०३० ही आयसी एकाच चॅनेलची. एक बाजू गेली तर एकच बदलते. ४४४० मध्ये दोन्ही चॅनेल एकाच आयसीत असतात, म्हणून तिथे पूर्ण आयसी बदलावी लागते. काढलेला जुना भाग मागून घ्या.

ही तपासणी करताना घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवा. त्यातल्या एखाद्याला गोडी लागली तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाका.