रोड बाइक किती वर्षांनी बदलायची?

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर पहाटे भेटणाऱ्या सायकलस्वारांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो: “पाच वर्षं झाली, आता नवी घ्यायला हवी ना?”

मुळात सायकलीचं वय वर्षांत मोजणंच चुकीचं आहे. ती किलोमीटरनी झिजते, आणि सगळी एकदम झिजत नाही. सर्वांत आधी जाते चेन, साधारण ३ ते ५ हजार किलोमीटरमध्ये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून पूर्ण केलेली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची, म्हणजे जवळपास एका चेनच्या आयुष्याएवढी होती. आठवड्यातून तीनदा नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाऊन येणारा माणूस तेवढं अंतर सहा-सात महिन्यांत कापतो! म्हणजे वर्षाला निदान एक-दोन चेन बदलायलाच हव्यात. त्या वेळेवर बदलल्या नाहीत तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांचे, दातेही झिजतात, गिअर घसरू लागतात, आणि लोक म्हणतात, “सायकल संपली.” संपलेली असते ती चेन. पावसाळ्यात इगतपुरीकडच्या चिखलपाण्यातून फिरणाऱ्यांची तर आणखी लवकर.

“कार्बनची फ्रेम काही वर्षांत मऊ पडते” हा दुसरा गैरसमज. नेहमीच्या चालवण्यानं कार्बन मऊ पडत नाही. त्याला धोका असतो आघाताचा: पडल्यावर आत तडा जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. अशी फ्रेम जाणकाराला दाखवल्याशिवाय घाट उतरू नये, हे मी कळकळीनं सांगतो. अ‍ॅल्युमिनियमला मात्र थकवा येतो. जोडांजवळ बारीक चिरा पडल्या आहेत का, ते पाहत राहावं.

मग सायकल बदलावी कधी? माझ्या मते सर्वांत रास्त कारण साईज. मापाची नसलेली सायकल मान आणि गुडघे दुखवते, सीट वर-खाली करून ते एका मर्यादेपर्यंतच सुधारतं. दुसरं, वापर बदलणं. २०० किंवा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीसाठी, रुंद टायर हवेत आणि जुन्या फ्रेममध्ये ते मावत नाहीत. डिस्क ब्रेकही तिला बसवता येत नाहीत.

दुकानात जाण्याआधी बारा इंची पट्टी घ्या. शून्याची रेघ चेनच्या एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल, तर चेन बदला.