चालणाऱ्यांनी राखलेलं रान

इंग्लंडमधल्या शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी आगगाडी शहर मागे टाकते आणि टॉटलीच्या बोगद्यात शिरते. बोगदा साडेतीन मैलांहून लांब. त्याच्या दुसऱ्या तोंडाशीच ग्रिंडलफर्ड नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून चढाला लागलं की थोड्याच वेळात ओकचं रान सुरू होतं आणि पॅडलीच्या घळीतून दगडांवरून उड्या घेत येणारा बर्बेज ओढा भेटतो. पाणी स्वच्छ, पण दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचं, कारण ते वरच्या माळावरच्या पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरांतून झिरपत येतं. घळ चढून गेलं की झाडी विरळ होते, कुरण लागतं आणि त्यापलीकडे काटक, बुटक्या झुडपांचा उघडा माळ क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. ही लाँगशॉ इस्टेट. एकेकाळी रटलंडच्या ड्यूकची शिकारीची जहागीर, आज पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातलं शेफील्डकरांचं हक्काचं फिरण्याचं ठिकाण. इथे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, माणसाचा हात न लागलेला निसर्ग म्हणतात तो हाच. रान टिकवायचं तर माणसाला बाहेर ठेवावं, असंही आपण सहज धरून चालतो. लाँगशॉचा इतिहास मला याच्या उलट सांगतो. हे रान माणसांच्या हातून घडलं, आणि चालणारी माणसं त्यात येत राहिली म्हणूनच ते टिकलं.

आधी माळाचं बघू. इंग्रजीत ज्याला हीथ म्हणतात, तो वरवर पाहता आपल्या कोकणातल्या सड्यासारखा दिसतो: झाड नाही, माती पातळ, वारा मोकळा, आणि वर्षातून काही आठवडे फुलांचा गालिचा. इथे तो गालिचा हेदरचा. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि सगळा उतार जांभळा होतो. पण हा उघडेपणा मुळातला नाही. पीटच्या थरांत हजारो वर्षांचे परागकण साठून राहतात, आणि त्यांवरून या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर झाडी होती हे कळतं. इतिहासपूर्व काळापासून माणसांनी ती तोडली, जाळली, तिथे गुरंमेंढरं चारली. भरड वालुकाश्मावरची मुळातच नापीक माती पावसाने धुपून आणखी आम्ल झाली आणि तशा मातीत तग धरणाऱ्या हेदरने जागा घेतली. पुढे ग्राउस या पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनदारांनी हा माळ मुद्दाम राखला. ग्राउस हेदरचे कोवळे शेंडे खातो, म्हणून जुनं झालेलं हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळायचं आणि नवे धुमारे फुटू द्यायचे, अशी ती पद्धत. म्हणजे आपण ज्याला रानटी म्हणतो तो माळ एका अर्थाने राबून पिकवलेला आहे.

घळीतलं रानही तसंच. वाकडेतिकडे ओक, शेवाळाने मढलेल्या शिळा, उन्हाळ्यात थेट पश्चिम आफ्रिकेहून येऊन झाडांच्या ढोलीत घरटं करणारा काळा-पांढरा पाईड फ्लायकॅचर: सगळं अनादी भासतं. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रानात म्हाताऱ्या झाडांखाली नवं रोप जवळपास दिसत नव्हतं. उगवेल ते मेंढ्या खात होत्या. 1955 मध्ये शेजारच्याच यार्नक्लिफच्या रानाला कुंपण घालून मेंढ्या बाहेर ठेवल्या, तेव्हा बर्च आणि ओकची रोपं पुन्हा धरू लागली. मग जवळच्या बोल हिलच्या खाणीकडे वळलं की बर्चच्या झाडीत जात्याच्या तळ्या पडलेल्या दिसतात. एकदोन नव्हेत, ढिगांनी. माणसाच्या छातीला लागतील एवढ्या, गोल घडवलेल्या, मधोमध भोक पाडलेल्या, गिऱ्हाईक न मिळाल्याने जिथल्या तिथे सोडून दिलेल्या. लोकांना पांढऱ्याशुभ्र पिठाची ओढ लागली, परदेशी दगड आला, पुढे पोलादी रूळांच्या गिरण्या आल्या, आणि हा धंदा बसला. याच खाणीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डर्वेंट आणि हाउडन या धरणांसाठी दहा लाख टनांहून जास्त दगड दिला. आज तिथल्या बर्चच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाला आपण एका बंद पडलेल्या कारखान्यात उभे आहोत हे सांगावं लागतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं टिकवलं कुणी? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुंपणाच्या कायद्यांनी इथले सामायिक माळ खासगी झाले. 1820 च्या दशकात ड्यूकसाठी लाँगशॉचा शिकारी बंगला उभा राहिला आणि माळावर रखवालदार फिरू लागले. 1894 मध्ये ग्रिंडलफर्डला रेल्वे आली आणि शेफील्डच्या भट्ट्यांच्या धुरात आठवडा काढणारे कामगार रविवारी तिकीट काढून डोंगरात उतरू लागले. 1900 मध्ये जी. एच. बी. वॉर्ड यांनी शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स हा कामगारांचा भटकंती संघ सुरू केला. बहुतेक माळ त्यांना बंद होते, तरीही ते जुन्या वहिवाटीच्या वाटा धुंडाळत राहिले. 1924 मध्ये एथेल गॅलिमोर या तरुण विधवेने शेफील्डच्या आसपासचा परिसर वाचवण्यासाठी संस्था काढली. नवरा पहिल्या महायुद्धात गेला होता, आणि त्या दुःखात तिला या डोंगरांतल्या चालण्यानेच सावरलं होतं. 1927 मध्ये ड्यूकची जहागीर विक्रीला निघाली, तेव्हा लाँगशॉच्या भागात घरं बांधली जाण्याची भीती होती. एथेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली, 747 एकर जमीन विकत घेतली आणि 1931 मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. या व्यवहारातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट रकमेची नाही. न पाहिलेल्या जागेसाठी शहर वर्गणी देत नाही. ज्यांचे पाय त्या वाटांना लागले होते, त्यांनाच तिची किंमत ठाऊक होती.

यावर कुणी म्हणेल, श्रेय ड्यूकचंच. शे-सव्वाशे वर्षं त्याने माळ बंद ठेवला म्हणून तर विकत घ्यायला काही उरलं. हा मुद्दा मी सोडून देत नाही. शिकारीच्या हौसेमुळे इथे नांगर फिरला नाही आणि विटा रचल्या गेल्या नाहीत, हे खरं आहे. पण ते राखणं मालकाच्या हिशेबावर उभं होतं. हिशेब बदलला, तेव्हा तीच जमीन बाजारात आली. एका घराण्याच्या मर्जीपेक्षा हजारो लोकांची सवय जास्त भरवशाची ठरली. लाँगशॉ ट्रस्टकडे गेलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 24 एप्रिल 1932 रोजी, पीक डिस्ट्रिक्टमधल्याच किंडर स्काउटच्या बंद माळावर बेनी रॉथमन आणि शेकडो तरुण ठरवून घुसले. पाच जणांना तुरुंग झाला. एका ठिकाणी वर्गणी, दुसऱ्या ठिकाणी कायदेभंग, मागणी मात्र एकच. 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, 1951 मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्टची घोषणा आणि 2000 साली कायद्याने मिळालेला खुल्या माळांवर फिरण्याचा हक्क, हे सगळं त्या मागणीतून आलं.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे: माणसांच्या पायांनीच रान झिजतं. झिजतंच. किंडरजवळच्या ईडेल गावापासून निघणारी पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट 1965 मध्ये अधिकृतपणे खुली झाली. ओल्या पीटवर पाय रुतायला लागले, चिखल टाळायला लोक कडेने चालू लागले, आणि वाट पसरत जाऊन माळाला रुंद काळी जखम झाली. उपाय म्हणून वाट बंद केली नाही. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या फरशा आणून पीटवर एकीपुढे एक अंथरल्या. पाय फरशीवर राहिले आणि दोन्ही बाजूंना गवत पुन्हा धरलं. चांगली बांधलेली वाट माणसाला आत आणते आणि त्याच वेळी बाकीच्या माळापासून दूर ठेवते. कुंपणाला यातली पहिली गोष्ट जमत नाही. नियमही हवेतच: जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी 1 मार्च ते 31 जुलै या काळात खुल्या माळावर कुत्रा साखळीनेच न्यावा लागतो. कोरड्या उन्हाळ्यात एका ठिणगीने पीट दिवसचे दिवस धुमसत राहतं, तिथे आग पेटवणाऱ्याला दया नको. पण आग लागली की धूर पाहून कळवायलाही माळावर कुणीतरी हवं असतं.

आणि माळ माणसाने केलेला आहे, तर सोडून द्या, झाडं परत येतील, असं म्हणणारेही आहेत. काही उतारांवर ती यावीत, घळीच्या काठांवर तर नक्कीच. पण सगळीकडे झाडी माजली तर हेदरवर जगणारं सगळं जाईल. किती माळ, किती रान, हे दर पिढीला पुन्हा ठरवावं लागेल, आणि ते ठरवताना तिथे चालणाऱ्यांचा शब्द असायला हवा.

लाँगशॉच्या झाडीत वाटेच्या कडेला सुकल्या काड्यांचे, पाइनच्या सुयांचे ढीग दिसतात, काही गुडघ्याहून उंच. ती रानमुंग्यांची वारुळं, इस्टेटभर एक हजाराहून जास्त. 2013 मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या मुंग्यांच्या पाठीवर इवल्या रेडिओ खुणा चिकटवून त्यांच्या ये-जा करण्याचा अभ्यास सुरू केला. एका वारुळापासून दुसऱ्यापर्यंत आणि तिथून ठरावीक झाडांपर्यंत, माव्याचा गोड रस आणायला, त्यांच्या वाटा गेलेल्या असतात, आणि त्या वर्षानुवर्षं बदलत नाहीत. कुठे कुठे अशी वाट माणसांच्या पायवाटेला आडवी जाते. जाणत्या माणसांचा पाय तिथे आपोआप लांब पडतो.