चित्राला काय विचारता?

डोकं हलू नये म्हणून पक्कं बसवलेलं, पापण्या चिकटपट्टीने ताणून धरलेल्या आणि डोळ्यावर एक चिमुकली टोपी चिकटवलेली. टोपीवर इवलासा आरसा. त्यावर पडलेला किरण परावर्तित होऊन प्रकाशसंवेदी कागदावर जातो आणि डोळा वळेल तशी कागदावर रेघ उमटत जाते. चित्र पाहणाऱ्याच्या नजरेचा माग काढण्यासाठी सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी ही व्यवस्था केली होती. पाहणाऱ्याचे हालच होत असणार. पण त्या रेघांमधून जे हाती लागलं ते १९६५ साली पुस्तकरूपाने आलं आणि कलेच्या मानसशास्त्रात आजही त्याचा दाखला दिला जातो.

यार्बुस यांनी घेतलेलं एक चित्र इल्या रेपिन यांचं होतं, ‘अनपेक्षित पाहुणा’. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. बैठकीच्या खोलीत जुनापुराणा कोट घातलेला, खंगलेला एक माणूस आत पाऊल टाकतो आहे. हद्दपारीतून परतलेला घरचाच माणूस. मोलकरीण दार धरून उभी आहे. काळ्या कपड्यांतली वयस्क बाई खुर्चीतून उठते आहे, पियानोपाशी बसलेली स्त्री वळून बघते आहे. टेबलाशी बसलेला मुलगा हरखला आहे, त्याच्या शेजारची मुलगी मात्र बिचकली आहे.

एकाच व्यक्तीला हे चित्र सात वेळा दाखवलं गेलं, दर वेळी तीन मिनिटं. पहिल्यांदा काहीच न सांगता, नंतर प्रत्येक खेपेला वेगळं काम देऊन. ‘या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी असेल?’ असं विचारल्यावर नजर कपड्यांवर आणि सामानसुमानावर फिरली. ‘माणसांची वयं सांगा’ म्हटल्यावर ती जवळपास फक्त चेहऱ्यांवर राहिली. ‘हा माणूस किती काळ घराबाहेर असेल?’ या प्रश्नावर ती पाहुण्याचा चेहरा आणि घरच्यांचे चेहरे यांच्यामध्ये पुन्हापुन्हा येरझाऱ्या घालू लागली. चित्र तेच, डोळे तेच. प्रश्न बदलला की कागदावरचं जाळं बदलत होतं.

नजर थांबते कुठे?

याचं मूळ डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला समोरचं सगळं एकदम स्वच्छ दिसतं असं वाटतं, पण तसं नसतं. दृष्टिपटलावर पीतबिंदूच्या मधोमध एक लहानसा खळगा असतो आणि बारीक तपशील टिपण्याचं काम तो करतो. त्याच्या वाट्याला साधारण दोन अंशांचं क्षेत्र येतं. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं सगळं कमी-अधिक धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडतो. या तुकड्यांमधून मेंदू अख्खं चित्र उभं करतो. पुढची उडी कुठे मारायची हे काही प्रमाणात चित्रातला उजेड, रंग, कडा ठरवतात. पण बरंचसं आपल्या मनात काय चाललं आहे यावर ठरतं. यार्बुस यांचं आणखी एक निरीक्षण आहे. वेळ जास्त मिळाला म्हणून डोळा नव्या तपशिलांकडे गेला नाही. आधी महत्त्वाच्या वाटलेल्या जागांकडेच तो परत परत आला.

अर्थात नजरेच्या रेघांवरून मनातला प्रश्न ओळखता येईल का, यावर वाद झाला आहे. २०१२ मध्ये मिशेल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी असा प्रयत्न केला, तेव्हा संगणकालाही जमलं नाही आणि माणसांनाही नाही. २०१४ मध्ये अली बोर्जी आणि लॉरेंट इट्टी यांनी वेगळी पद्धत वापरून त्याच नोंदी तपासल्या आणि योगायोगापेक्षा बरे अंदाज बांधता येतात, असं दाखवलं. म्हणजे प्रश्नाचा ठसा नजरेवर उमटतो, पण यार्बुस यांच्या आकृत्यांमध्ये दिसतो तितका ठसठशीत तो दर वेळी नसतो.

मग कुणी प्रश्न दिलाच नाही तर? तेव्हा आपण सवयीचे प्रश्न विचारतो: हे कोण आहे, काय करतं आहे? ओस्लो विद्यापीठातल्या स्टिने व्होग्ट आणि स्वेन मॅग्नुसेन यांनी २००७ मध्ये चित्रकार आणि इतर मंडळी यांच्या नजरांची तुलना केली. इतरांची नजर माणसांवर आणि ओळखीच्या वस्तूंवर खिळत होती. चित्रकार मात्र आकारांची मांडणी, पार्श्वभूमी, ‘काहीच नसलेल्या’ जागाही न्याहाळत होते. त्यांची दृष्टी अधिक तीक्ष्ण होती असं नव्हे; ‘हे बांधलं कसं आहे?’ हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडला होता.

काढणाऱ्याचा प्रश्न

चित्र काढणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हाच धागा आणखी घट्ट होतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत १९६०च्या दशकात जेकब गेटझेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ३१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका टेबलावर २७ वस्तू: द्राक्षांचा घड, मखमली टोपी, काचेचा लोलक, जुनं पुस्तक. दुसरं टेबल रिकामं. हव्या त्या वस्तू उचला, रिकाम्या टेबलावर मनासारख्या मांडा आणि चित्र काढा, एवढीच सूचना.

काहींनी पटकन दोनचार वस्तू उचलल्या, मांडल्या आणि कागदाला भिडले. काही जण मात्र एकेक वस्तू हातात घेऊन फिरवून पाहत होते, मांडलेलं मोडत होते; चित्र निम्म्यावर आल्यावरही त्यांची रचना बदलत होती. पहिल्या गटाला काय काढायचं ते ठाऊक होतं, कसं काढायचं एवढंच सोडवायचं होतं. दुसरा गट काय काढायचं हेच शोधत होता. तयार चित्रं जाणकार परीक्षकांसमोर ठेवली, तेव्हा प्रश्न शोधत बसणाऱ्यांची चित्रं अधिक स्वतंत्र ठरली. काही वर्षांनी या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला, तर चित्रकार म्हणून नाव मिळवण्यातही हीच मंडळी पुढे होती. या संशोधनावरचं पुस्तक १९७६ साली आलं. एका कलाशाळेतल्या ३१ जणांवरून सगळ्या कलावंतांबद्दल नियम काढता येत नाही, हे खरं. पण कौशल्याइतकाच शोधही मोजून पाहता येतो, हे त्याने दाखवलं.

रेपिन यांचंच बघा. ‘अनपेक्षित पाहुणा’ १८८४ मध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं, पुढे विकलंही गेलं. तरी दारातून येणाऱ्या माणसाचा चेहरा ते १८८८ पर्यंत बदलत राहिले. हा माणूस ताठ मानेने आत येतो आहे की ‘मला घरात घेतील ना?’ या शंकेने? आज चित्रात दिसतो तो दुसरा. यार्बुस यांच्या प्रयोगात प्रेक्षकाची नजर पाहुणा आणि घरचे यांच्यामध्ये घुटमळली, त्यामागे चित्रकाराने त्या चेहऱ्यावर काढलेली ही वर्षंही आहेत.

कधी कधी प्रश्न शोधायचं हे काम पाहणाऱ्यावरही येतं. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. त्यांच्या कॅनव्हासवर ओळखायला चेहरा नाही, वस्तू नाही. ‘हे काय आहे?’ हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे लागू पडत नाही. म्हणूनच अनेक जण पुढे सरकतात. पण ‘इथे उजेड कुठून आला?’ किंवा ‘हा थर वरचा की खालचा?’ असं विचारून पाहिलं की त्याच चित्रात नजर गुंतू लागते.

पाटी आधी की चित्र?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका कलाकृतीपुढे किती वेळ थांबतात, याची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी २७ सेकंद. मध्यक तर १७ सेकंदच, आणि त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला. घाईला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण विचारायला काही नसेल तर जास्त वेळ थांबून तरी काय करायचं? पाटी आधी वाचली की चित्रात तेवढंच शोधलं जातं. आधी चित्र, मग आपला एखादा प्रश्न आणि सगळ्यात शेवटी पाटी, हा क्रम करून बघायला पैसे पडत नाहीत.

स्वतःचा प्रश्न शोधायची सवय चित्र काढणाऱ्या मुलांनाही लावता येईल. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना दर वर्षी हजारो मुलं बसतात. तिथे वस्तुचित्रासाठी वस्तू आधीच मांडून ठेवलेल्या असतात. मुलांनी प्रमाण, छायाप्रकाश आणि स्वच्छता सांभाळायची. परीक्षेची ती गरज समजू शकते. पण वर्गात आठवड्यातून एखादा तास वस्तूंची पेटी मुलांपुढे उघडी ठेवून ‘काय मांडायचं ते तुम्हीच ठरवा’ म्हणायला कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नाही. त्या तासाला कागद कोरा राहिला तरी हरकत नाही. शिकागोतले पुढे नाव काढणारे विद्यार्थीही कागदाला हात लावण्याआधी वस्तूच उलटसुलट करून पाहत होते.