आखडलेली बोटे आणि मटारच्या शेंगा

आईला आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटे आखडलेली असतात. डब्याचे झाकण निघत नाही, वेणी घालता येत नाही. सुरुवातीची दोन वर्षे तो तास चिडण्यात जायचा: कालपरवापर्यंत पुरणपोळ्या लाटत होते, आता गॅसचं बटणसुद्धा फिरत नाही! हल्ली ती कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून खिडकीशी बसते आणि मला सांगते, "थांब जरा, बोटं अजून उठायची आहेत." गोळ्या वेळेवर घेते, तपासणी चुकवत नाही. आजार तोच आहे, तास मात्र तो राहिलेला नाही.

हे ऐकून ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शेवटी हात टेकलेच त्यांनी." स्वीकाराबद्दलचा सगळ्यात घट्ट गैरसमज हाच. हात टेकलेला माणूस गोळ्या घेत नाही. स्वीकार म्हणजे जे आहे त्याला 'आहे' म्हणणे. ते आवडले पाहिजे असे नाही आणि कायम तसेच राहावे असेही नाही. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा. त्या दुखण्यावर चरफडत राहणे हा दुसरा. पहिला चुकवणे दर वेळी आपल्या हाती नसते. आईने थांबवला तो दुसरा.

बाबा आमट्यांना मणक्याच्या आजारामुळे कित्येक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली तेव्हा त्यांनी सत्तरी गाठलेली होती, आणि ते गाडीत आडवे पडून निघाले. बसता येत नाही हे एकदा मान्य केले की आडवे पडून कसे जाता येईल हे सुचते. मान्यच केले नाही तर माणूस घरी राहतो.

"मग अन्यायही गोड मानून घ्यायचा का?" हा प्रश्न रास्त आहे, कारण स्वीकाराच्या नावाखाली तेच शिकवले गेले आहे. मार खाणाऱ्या बाईला 'तुझं नशीब' म्हणून सांगणारे आजही घरोघरी भेटतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. त्यात स्वीकार नाही, दुसऱ्याचे तोंड बंद करणे आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला होता, पण प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हते. ठराव झालाय ना, मग झाले, असे समाधान मानणे सोपे होते. बाबासाहेबांनी जे होते ते तसेच पाहिले, तळे बंद आहे असे म्हटले आणि २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. वस्तुस्थिती डोळ्यांआड करणाऱ्याला ती बदलता येत नाही.

वाईट विचार मनातून काढून टाकले की आनंद आपोआप येतो, असेही सांगितले जाते. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि विचार आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर या लोकांच्या मनात अस्वल जास्तच आले, पहिल्यापासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त. विचार येऊ द्यावा, आला म्हणून ओळखावा. त्याला पाट मांडून बसवायची गरज नसते.

वर्तमानात राहायचे म्हणजे उद्याची फिकीर सोडायची, असेही नव्हे. विम्याचा हप्ता भरावाच लागतो, आणि तो भरायचे काम आजच करता येते. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० जणांना मोबाइलवरून दिवसात मधूनमधून विचारले: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसे वाटतेय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच, आणि भरकटलेल्या मनाची माणसे कमी सुखी होती. मला थांबायला लावले ते पुढच्या निष्कर्षाने. मन रम्य गोष्टींकडे गेले तरी, समोरच्या कामात असलेल्यांपेक्षा सुख वाढले नव्हते.

ध्यानाने दुखणे जाते, हा दावाही तपासून घ्यावा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात आपला वर्ग सुरू केला, तेव्हा तिथे येणाऱ्या अनेकांची दुखणी जुनाट होती. दुखण्याशी झगडण्याऐवजी ते नेमके कुठे आहे, ठणकते की जळते, हे पाहायला ते शिकवत. दुखणे बऱ्याचदा राहते, पण त्याभोवतीची भीती कमी होऊ शकते. काहींना, विशेषतः जुना आघात मनात असेल तर, डोळे मिटून बसल्यावर जास्तच त्रास होतो. त्यांनी नेटाने बसून राहू नये, डॉक्टरांशी बोलावे. नैराश्यात तर 'आनंदात राहा' हा सल्ला निर्दय ठरतो.

आठच्या सुमाराला आईची बोटे उठतात. थंडीत ती मटार सोलायला घेते. शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबला की 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि शिवण उकलते. पूर्वी ती किलोभर सोलायची, आता वाटीभर होतात. पहिल्या शेंगेतले दाणे भांड्यात जात नाहीत. अर्धे ती खाते, अर्धे माझ्या हातावर ठेवते. मग पुढची शेंग घेते.